नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाताय? मग आधी क्रम नीट लावा

नांदूर मध्यमेश्वर म्हणजे नाशिकजवळ निफाड तालुक्यातलं, धरणाच्या जलाशयावरचं पक्षी अभयारण्य. तिथं दर डिसेंबरात तेच बघतोय. रविवारी सकाळी साडेनऊला गाडी लागते, चौघंपाच जण धडाधड मनोऱ्यावर चढतात, दहा मिनिटं मोबाईल पाण्याकडे धरतात आणि उतरताना एकजण म्हणतोच, "फ्लेमिंगो कुठेत? नुसत्या काळ्या कोंबड्या तर आहेत." मग मिसळ, मग घर, आणि ग्रुपवर मेसेज की नांदूरला यंदा काही नाहीये. अरे बाबा तिथं हजारोंनी पक्षी होते, तुम्ही उशिरा गेलात, उन्हाकडे तोंड करून उभे राहिलात आणि सगळ्यात लांबच्या ठिपक्यापासून बघायला सुरुवात केलीत.

रामसरचा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा) दर्जा, धरणाचा इतिहास वगैरे तुम्हाला माहितीये, ते सोडतो. फक्त काय आधी करायचं आणि काय नंतर ते सांगतो, कारण लोकांचं चुकतं ते क्रमातच. हाच क्रम गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, वाघाडला, नाहीतर तुमच्या गावच्या गोदाकाठच्या दलदलीलाही चालतो.

१. दोन दिवस आधी: पाण्याची चौकशी

लोक हवामान बघतात, पाणी बघत नाहीत. नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय गाळाने भरलेला, उथळ आहे, आणि त्यातलं पाणी वरच्या धरणांतून किती सोडलं आणि खाली कालव्यांना किती गेलं यावर ठरतं. आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) सुरू झालं किंवा बंद झालं की दोन दिवसांत काठ बदललेला असतो. आता याने काय होतं, तर समजा पातळी उतरून चिखल उघडा पडला असेल तर तुतवार, चिखले, शेकाटे, पाणलावे असली चिखलात चरणारी मंडळी काठाशी येतात, आणि पाणी चढलेलं असेल तर ती सगळी गायब होऊन पसरतात कुठंतरी बांधावर, गाळपेराच्या (पाणी उतरल्यावर गाळात पेरलेल्या) शेतात, आणि समोर राहतात बदकं आणि वारकरी नावाचे काळे पाणपक्षी. म्हणजे गेल्या आठवड्यात मित्राला जे दिसलं ते तुम्हाला दिसेलच असं नाही.

म्हणून चापडगाव किंवा खानगाव थडीच्या बाजूला ओळखीचं कोणी असेल तर, नाहीतर तिथल्या स्थानिक गाइडला फोन करून एकच प्रश्न विचारा: चिखल उघडा आहे का? "पक्षी आहेत का" असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम "खूप आहेत, या" असंच येतं.

महिन्याचं म्हणाल तर भुवई बदकासारखे पाहुणे पावसाळा संपायच्या आधीच यायला लागतात, पण भरगच्च बघायचं असेल तर डिसेंबर आणि जानेवारी. मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात नर बदकांनी अजून रंगीत पिसं धरलेली नसतात, ते माद्यांसारखेच मळकट दिसतात, आणि नवा माणूस पुस्तकातला रंगीत नर शोधत बसतो. पहिल्यांदाच जात असाल तर डिसेंबर अर्धा होऊ द्या. आणि जमलं तर मधल्या वाराला जा, रविवारी मनोऱ्यावर गरबा असतो.

२. आदल्या रात्री: दुर्बीण आणि पिशवी

दुर्बीण ८ बाय ४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) असेल तर उत्तम. १० बाय ४२ पण चालते, पण हात थरथरतात त्यांनी आठचीच घ्यावी, मोठा आकडा म्हणजे चांगली दुर्बीण हा दुकानदाराचा हिशोब आहे. वीस-तीस पटीची खेळण्यातली दुर्बीण आणूच नका, त्यापेक्षा नुसते डोळे बरे.

आता दुर्बीण लावणं. मी स्वतः पहिली दोन वर्षं चुकीची लावलेली दुर्बीण वापरत होतो, दर वेळी डोकं दुखायचं आणि मला वाटायचं थंडीने दुखतंय. तर रात्री गॅलरीत उभं राहून समोरच्या दुकानाच्या पाटीवर हे करा:

– दोन्ही नळ्या जवळ-लांब करा, दोन गोल जाऊन एकच गोल दिसेपर्यंत.
– चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत दाबा, नसेल तर बाहेर काढा. चष्मेवाले कप बाहेर ठेवून बघतात आणि म्हणतात फारच छोटं दिसतं.
– उजव्या भिंगावर हात ठेवा. डाव्या डोळ्याने बघत मधलं चाक फिरवून पाटीवरची अक्षरं स्वच्छ करा.
– आता डाव्यावर हात ठेवा. मधल्या चाकाला अजिबात हात न लावता उजव्या डोळ्याकडची रिंग फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा.
– ती रिंग जिथं थांबली तिथं चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका. यापुढं फक्त मधलं चाक.

*तपासा:* दोन्ही डोळे उघडे ठेवून दोन मिनिटं सलग बघा. डोळ्यांवर ताण आला तर परत पहिल्यापासून.

कपडे खाकी, शेवाळी, मातकट. पांढरा शर्ट आणि लाल जर्किन दोन्ही नको, आणि सळसळ आवाज करणारं प्लॅस्टिकसारखं जॅकेट तर अजिबात नको. थंडीला हलक्यात घेऊ नका. नाशिकमध्ये बारा अंश असेल तर निफाडला त्याहून कमी असतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतोच की, एक आकडी तापमान तिथं नवीन नाही. त्यात पाण्याकाठी बसून राहायचंय, चालायचं नाहीये, म्हणून कानटोपी, हातमोजे आणि बुडाखाली घ्यायला गोणपाट किंवा जुनी सतरंजी. ती सतरंजी सगळ्यात महत्त्वाची, हसू नका. ओल्या जमिनीवर माणूस वीस मिनिटांत उठतो आणि उठला की समोरचं सगळं उडतं.

बाकी वही, पेन्सिल (पेन थंडीत अडखळतं), पाणी, थर्मासमध्ये चहा, ओळखपत्र, प्रवेश फी आणि गाइडसाठी सुटे पैसे. ऑनलाइन पेमेंटला रेंज मिळेलच असं नाही.

३. निघणं

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. तुम्ही साडेसहाला काठावर हवेत. नाशिकहून अंतर साधारण चाळीस किलोमीटर, संभाजीनगर रोडने चांदोरी, तिथून सायखेड्याकडे वळून पुढं. म्हणजे सव्वापाचला घर सोडा.

सावधान: या दिवसांत पहाटे उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि नदीजवळ धुकं असलं तर दहा फुटांवर दिसतात. वेळ गेली तरी चालेल, गाडी हळू.

दुसरं सावधान: निफाड तालुका म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे बिबट्या. अंधारात गाडी लावून "जरा बघून येतो" म्हणत उसाच्या कडेने एकट्याने जायचं नाही. उजाडेपर्यंत गाडीत बसा, सोबत चाला, बॅटरी ठेवा.

आणि मिसळ परत येताना. जाताना मिसळ खाल्लेला एकही ग्रुप मी आठच्या आत काठावर बघितलेला नाही.

४. पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं काहीही करायचं नाही

ही पायरी सगळे गाळतात. गाडीची दारं हळू लावा, आपटू नका, फोन सायलेंट करा आणि काठापासून चांगले लांब थांबून नुसतं ऐका. अजून नीट उजाडलेलं नसतं, दुर्बिणीत काही दिसणार नाही, पण कानाला सगळं कळतं. चक्रवाकाचा भोंग्यासारखा आँ-आँ, अडईची शीळ, शेकाट्याची कटकट, पाणकणसात (काठच्या उंच पाणगवतात) जांभळ्या पाणकोंबडीचं खोकल्यासारखं ओरडणं. आवाज कुठल्या दिशेने जास्त येतोय ते लक्षात ठेवा, कारण बसायची जागा त्यावरून ठरणार आहे.

याच वेळात रात्री चरायला शेतात गेलेली बदकं पाण्याकडे परत येतात. डोक्यावरून पंखांचा सुर्र आवाज जातो, दिसत काही नाही, पण ऐका.

५. जागा: उजेड पाठीशी, आकाश पाठीशी नको

उजेड तुमच्या पाठीमागून पक्ष्यावर पडला पाहिजे. उलटं झालं की समोर फक्त काळ्या सावल्या दिसतात, आणि मग ते "काळ्या कोंबड्या" प्रकरण होतं. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या काठावरून उत्तरेकडे बघत बसलात तर सकाळ ते संध्याकाळ उजेड बराचसा पाठीशीच राहतो. जाण्याआधी मोबाईलच्या नकाशात हे बघून ठेवा, तिथं जाऊन गोल-गोल फिरू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमची आकृती. बांधावर ताठ उभा राहिलेला माणूस पाण्यावरून बघितला तर आकाशावर काळा खांब दिसतो, आणि बदकांना तो शिकाऱ्यासारखा वाटतो. बाभळीच्या आडोशाने, झुडपाला पाठ लावून बसा. मनोरा सगळीकडचा अंदाज घ्यायला चांगला आहे, पण वर बसून तास घालवला तर चिखलातले छोटे पक्षी सुटतात, ते खालूनच दिसतात.

काठाला चिकटायला जाऊ नका. एकतर अभयारण्य आहे, वन्यजीव कायदा लागू आहे, आखलेल्या वाटेवरूनच चालायचं. आणि दुसरं म्हणजे गाळ. वरून सुकून भेगा पडलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत, बूट तिथंच राहतो. माझा एक बूट अजून तिथंच असेल.

*तपासा:* बसल्यावर समोरचे पक्षी डोकी वर करून ताठ झालेत का, काठापासून हळूहळू आत सरकतायत का? तसं असेल तर तुम्ही फार जवळ आहात. ते परत चरायला लागेपर्यंत मागं सरका. उडाले तर तुमची सकाळ गेली आणि त्यांचीही, कारण थंडीत प्रत्येक उड्डाणाला त्यांची कमावलेली चरबी जळते.

६. बघायचा क्रम: जवळून लांब

आधी नुसत्या डोळ्यांनी पूर्ण पाणी डावीकडून उजवीकडे बघा. दुर्बीण पोटावर. कुठं थवा आहे, कुठं चिखलाची पट्टी आहे, कुठं पाणकणीस, कुठं जलपर्णी, असे तीन-चार तुकडे मनात पाडा. मग एकेक तुकडा, या क्रमाने:

पहिलं, पायाखालचा काठ. सगळ्यांचं हेच राहतं. दहा फुटांवर चिखलात पिवळा धोबी शेपूट हलवत असतो, शेजारी शंकर नावाचा चिमणीएवढा निळ्या गळ्याचा पक्षी गवतातून बाहेर-आत करतो, आणि मंडळी तिकडे क्षितिजावर फ्लेमिंगो शोधत असतात.

दुसरं, चिखलाची पट्टी. तुतवार, चिखले, शेकाटे, शराटी, चमचे.

तिसरं, वनस्पतींची कड. जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, जांभळा बगळा. हा बगळा पाणकणसात उभा असला की काडीसारखा दिसतो, हलेपर्यंत कळत नाही.

चौथं, उघडं पाणी. आता बदकं.

पाचवं, आकाश. आणि हे मधेमधेही. समोरची सगळी बदकं एकदम उठली तर त्यांच्याकडे बघू नका, वर बघा. बहुतेक दलदल ससाणा पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून पाणकणसावरून खालून-खालून चाललेला असतो. लोक त्याला घार म्हणतात, पण घारीची शेपटी टोकाला खाचेची असते आणि ती पंख असे उचलून धरत नाही.

दुर्बिणीने पक्षी सापडत नाही ही तक्रार असते. कारण लोक दुर्बीण डोळ्याला लावून मग शोधतात. नजर पक्ष्यावर ठेवा, ती हलवू नका, आणि दुर्बीण वर आणून डोळे आणि पक्षी यांच्या मधे घाला. घरी कावळ्यावर वीस वेळा सराव करा, जमतं.

रोहित म्हणजे फ्लेमिंगोचं सांगून टाकतो. कधी असतात, कधी नसतात, पाण्यावर आहे. त्यांच्यासाठीच आला असाल तर निम्म्या वेळा नाराज होऊन जाल.

७. ओळख: रंग सगळ्यात शेवटी

इथं जरा निवांत वाचा, कारण नव्वद टक्के चुका इथंच होतात.

क्रम असा: आकारमान, आकार, काय करतोय, कुठं उभा आहे, आणि मग रंग. उजेडाप्रमाणे रंग फसवतो, चोचीची लांबी फसवत नाही. मापाला ओळखीचे पक्षी धरा: चिमणी, साळुंकी, कावळा, गावठी कोंबडी. "साळुंकीपेक्षा थोडा मोठा, लांब पाय, सरळ चोच, एकटा, शेपूट सारखी वरखाली" एवढं वहीत लिहिलंत तरी नाव नंतर सापडतं.

*वारकरी आणि बदक.* समोरच्या काळ्या थव्यातले बरेच वारकरी असतात, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणूनच नाव पडलं असणार. ते बदक नाहीत, पाणकोंबडीच्या घरातले. चोच टोकदार, चपटी नाही, आणि उडताना आधी पाण्यावर धावतात. मी पहिल्या हिवाळ्यात यांना बदकात धरून मोजलं होतं, पूर्ण सीझनची वही फुकट. साधी पाणकोंबडी याहून लहान, कपाळ लाल, चोचीचं टोक पिवळं आणि कुशीवर पांढरी रेघ. जांभळी मोठी, निळीजांभळी, लाल दणकट चोच, ती कधी चुकत नाही.

*बदक काय करतंय?* शेपूट वर आणि डोकं खाली करून चरत असेल तर वरवर चरणारं, म्हणजे थापट्या, तलवार बदक, गडवाल, चक्रांग, भुवई बदक, हळदीकुंकू यातलं. पूर्ण बुडी मारून दुसरीकडेच वर येत असेल तर लालसरी किंवा शेंडीबदक. या एका प्रश्नाने अर्धी यादी कमी होते.

*माद्या.* सगळ्या तपकिरी ठिपक्यांच्या, इथं लोक हात टेकतात. चोच बघा आधी. फावड्यासारखी पसरट, डोक्यापेक्षा मोठी वाटणारी चोच म्हणजे थापट्याची मादी. मान लांब-बारीक, चोच राखाडी, शेपटी टोकदार म्हणजे तलवार बदकाची. डोळ्यावरून आणि खालून ठळक पट्टे, चेहरा रेघांचा दिसतोय म्हणजे भुवई बदकाची. सगळ्यात छोटी, चेहरा साधा आणि शेपटीच्या कडेला फिकट रेघ म्हणजे चक्रांगाची. चोचीच्या कडा नारिंगी आणि पंखावर पांढरा चौकोन दिसला तर गडवालची. डोकं गोल, चोच छोटी, अंग लालसर म्हणजे तरंग बदकाची. आणि काहीच कळत नसेल तर शेजारी कोणता नर पोहतोय ते बघा, पण हा शेवटचा उपाय, थवे मिसळलेले असतात.

हळदीकुंकू बदक मात्र सोपं, चोच काळी, टोक हळदीचं आणि मुळाशी दोन कुंकवाचे ठिपके. हे बाराही महिने इथलंच, पाहुणा नाही.

*तुतवार.* तीन सारख्या दिसतात. एक एकटी, दगडाच्या कडेला, सतत बूड हलवणारी, आणि खांद्यापुढं छातीचा पांढरा रंग वर घुसलेला: ती साधी तुतवार. दुसरी वरून गडद, बहुतेक एकटीच, आणि उडाली की बुडाचा पांढरा डाग चमकतो: हिरवी तुतवार. तिसरी पाठीवर ठिपके, डोळ्यावर लांब फिकट भुवई, पाय पिवळट, आणि पाच-दहाच्या घोळक्यात: ठिपकेवाली. घोळका दिसला की आधी हिचा विचार करा.

*छोटा चिखल्या.* धाव-थांब-धाव-थांब असा चालतो. डोळ्याभोवती पिवळं कडं असेल तर कंठेरी चिखल्या. गळ्याचा पट्टा छातीवर तुटलेला, कडं नाही, तर केंटिश चिखल्या.

*लांब मानेचे.* आपल्याकडे कोणत्याही लांब पायाच्याला करकोचा म्हणायची पद्धत आहे, गावात विचारलं तर चित्रबलाकही करकोचा आणि क्रौंचही करकोचा. उडताना बघा. मान दुमडलेली म्हणजे बगळा. मान सरळ म्हणजे बलाक, क्रौंच, चमचा, शराटी यातलं कोणीतरी, मग चोच बघून ठरवा: पळी म्हणजे चमचा, विळा म्हणजे शराटी.

अॅपबद्दल. पक्षी ओळखून देणारं मर्लिन वगैरे चांगलं आहे, मीही वापरतो, पण आधी वहीत स्वतःचा अंदाज लिहा आणि मग अॅप उघडा. उलटं केलं की अॅप जे म्हणेल ते तुम्हाला दिसायला लागतं. आणि आवाज वाजवून पक्षी बोलावणं पूर्ण बंद. स्पीकर घेऊन आलेला माणूस दिसला तर सरळ जाऊन सांगा.

*तपासा:* ज्याचं नाव लिहिलंय त्याची दोन लक्षणं न बघता सांगता येतायत का? नाहीतर नावापुढं प्रश्नचिन्ह टाका. प्रश्नचिन्हाची लाज नाही, चुकीच्या नावाची आहे.

८. मोजणी

"भरपूर" हा आकडा नाही. थव्यातले दहा पक्षी एकेक करून मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरा, तसे तुकडे पूर्ण थव्यावर ठेवत जा. मोठा थवा असेल तर शंभरचा तुकडा करा. माणूस सवयीने कमीच मोजतो, दाट भागात तर फारच, म्हणून दाट भाग दोनदा मोजा.

एका दिशेने मोजा आणि मोजताना गप्पा बंद. दोघं असाल तर एकाने बघून बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. मधेच थवा उडाला तर "अंदाजे" लिहून सोडून द्या, परत बसल्यावर मोजून आधीच्यात मिळवू नका. हे फार लोक करतात आणि चारशेचे आठशे होतात.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, त्यात नव्या माणसालाही घेतात, जुन्या माणसाच्या शेजारी बसून मोजायला शिकायची ती सगळ्यात चांगली संधी.

९. फोटो आता

साडेआठ-नऊपर्यंत यादी झाली की मग कॅमेरा. आधी कॅमेरा काढलेला माणूस एकाच धीवर पक्ष्याच्या (खंड्याच्या) मागं दोन तास घालवतो. पाण्याच्या पातळीजवळ बसून काढा, उभ्याने नको. दहाच्या पुढं ऊन तापलं की पाण्यावरची हवा लहरायला लागते, लांबचे फोटो धूसर येतात, लेन्सला दोष देऊ नका. स्पॉटिंग स्कोपचंही (तिवईवरच्या एकनळी दुर्बिणीचंही) तेच, साठ पटीवर नेलं तर नुसती लहर दिसते, पंचवीस-तीसवर ठेवा.

थवा उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून टाळ्या वाजवणारे, खडा मारणारे मी बघितलेत. असला माणूस तुमच्या गाडीत असेल तर परतीला त्याला बसने पाठवा. ड्रोनचं नावही काढू नका.

१०. दुपार आणि संध्याकाळ

अकरा ते तीन बदकं झोपतात, तुम्हीही जेवून घ्या. बांधाच्या आतल्या बाजूची शेतं आणि बाभळी मात्र बघून घ्या, तिथं वेगळेच पक्षी असतात. शेतात शिरायचं असेल तर मालकाला विचारा, हरभरा आणि गहू तुडवला की पुढच्या वेळी कोणी उभं करणार नाही, आणि द्राक्षबागेत फवारणी चालू असेल तर लांबूनच जा.

साडेचारला परत बसा. जागा सकाळचीच, उजेडाची बाजू फक्त एकदा तपासा. सहाच्या सुमाराला सूर्य जातो, तेव्हा शराटी आणि बगळे ओळीने मुक्कामाच्या झाडांकडे येतात, तिथं मोजणी सोपी पडते कारण ते एकेक करून समोरून जातात. अभयारण्याची बंद व्हायची वेळ आधी विचारून ठेवा आणि अंधार पडायच्या आत गाडीत या, बिबट्याचं वर सांगितलंय.

११. घरी आल्यावर त्याच रात्री

उद्या करू म्हटलं की होत नाही. वहीतली यादी ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर) टाका. सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती किलोमीटर चाललात हे खरं लिहा. "सगळे पक्षी नोंदवले का" या प्रश्नाला हो तेव्हाच म्हणा जेव्हा कावळा, साळुंकी, टिटवी हेही लिहिलेत, फक्त भारी पक्षी लिहून हो म्हणणं ही नेहमीची चूक. सकाळची आणि संध्याकाळची यादी वेगळी. प्रश्नचिन्हवाले पक्षी फोटो बघून सोडवा, नाही सुटले तर "बदक, जात माहीत नाही" असं टाकायची सोय आहे, ती वापरा.

मग दुर्बिणीची भिंगं: आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग मऊ कापड. शर्टाच्या टोकाने पुसू नका, नांदूरच्या गाळाचा बारीक कण भिंगावर रेघ ओढतो. आणि बूट गॅलरीत उलटे ठेवा, तो काळा गाळ वाळला की बडवल्याशिवाय निघत नाही.